गाय शे, गाय!

घाबरू नका मित्रांनो, आणि नेम धरायलाही जाऊ नका! मी धनुष्य नाही. मागच्या आठवड्यात दोन पोरं या माळ्यावर चढली आणि मला पाहून "रामनं धनुष्य! रामनं धनुष्य!" म्हणून नाचायला लागली. एकानं तर तुराटीचा बाण लावून सोडलासुद्धा. माझ्यावर दोरीच नाही, तर बाण जाणार कुठं? पडला त्याच्याच पायावर. मला हसू आलं, पण हसायला आवाज लागतो, आणि तो माझ्याकडे आता राहिलेला नाही.

मी पिंजण आहे. पिंजाऱ्याची कापूस पिंजायची पिंजण. वय चाळीस-एकेचाळीस वर्षं. जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणालात तर मात्र अंगाचा तिळपापड होईल माझ्या. मी मोडलेली नाही. माझी तात तेवढी कापली गेली. तात म्हणजे माझ्यावर ताणून बसवलेली दोरी. तिच्यावाचून मी म्हणजे नुसतं मुकं लाकूड. तुमच्याशी बोलते आहे तेही मनातल्या मनातच, ऐकू आलं तर बघा.

आमच्या गावाचं नाव मात्र विचारू नका. नंदुरबारहून कोरीटच्या वाटेला लागलं, की मिरचीची शेतं मागं पडतात, कपाशी सुरू होते आणि एक नाला आडवा येतो. नाल्याच्या दोन्ही अंगांना मिळून आमचं गाव. नाव सांगितलं तर गावाला लाज वाटेल आणि मला वाईट. का, ते पुढं कळेलच.

मला घडवलं अजीज पिंजाऱ्यानं. नंदुरबारच्या बाजारातून त्यानं सागाचा सरळ दांडा निवडून आणला, एका टोकाला रुंद फळी बसवली, दुसऱ्या टोकाला खाच पाडली. तात त्यानं स्वतः वळली. आता नाकं मुरडू नका, पिंजणीची तात बकऱ्याच्या आतड्याची असते. धुवायची, खरवडायची, पीळ देत ताणायची आणि सावलीत वाळवायची. दुसरी कुठलीही दोरी लावा, ती सुरात बोलत नाही. लाकडी मुठीनं तातीवर ठोका दिला, की "तांय!" असा आवाज निघायचा आणि गच्च बसलेला कापूस ढगासारखा मोकळा होऊन वर उडायचा. तांय, तक्, तांय! काय सांगू तुम्हांला, माझा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की बाया जुन्या गाद्या उसवायला घ्यायच्या.

मानमोडीच्या साथीत अजीज गेला. मग मी त्याच्या मुलाच्या, दाऊदच्या, खांद्यावर आले. दिवाळी झाली की आम्ही दोघं निघायचो. या गावचा ओटा, त्या गावची पडवी, होळीपर्यंत पाय टेकायला सवड नाही. लग्नाच्या गाद्या आमच्या, बाळंतिणीच्या गोधड्या आमच्या. आणि एक रीत सांगते, ती नीट लक्षात ठेवा. नवा कापूस पिंजला, की पहिली मूठ दाऊद यजमानीणबाईच्या हातावर ठेवायचा. ती देवाच्या वातींसाठी. मशिदीत नमाज पढून आलेल्या माणसानं पिंजलेल्या कापसाच्या वाती गावातल्या प्रत्येक देवघरात जळायच्या. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मोहरमात ताबूत उठायचे तेव्हा खांदा द्यायला अर्धे हिंदूच असायचे, त्यातही कुणाला काही वाटत नव्हतं.

सगळ्यांत लाडाचं घर छगनचं. आज मी ज्याच्या माळ्यावर टांगलेली आहे ना, तोच हा छगन. नाल्याकाठी त्याची कपाशी. दाऊद आणि तो एका वयाचे, एकाच डबक्यात डुंबलेले. छगनची बायको धनुबाई, आणि त्यांची एकुलती एक मुलगी निर्मला. दिवसभर पिंजून झालं की दाऊदच्या भुवया, मिशा, सगळं कापसानं पांढरं व्हायचं. लहानगी निर्मला टाळ्या पिटायची, "दाऊदकाका म्हातारा व्हयना!" मग दाऊद काठी टेकत, खोकत अख्ख्या ओट्यावर फिरून दाखवायचा. मी भिंतीला टेकून बघत असायची. त्या ओट्यासारखी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. टाळत होते, पण आता टाळून भागणार नाही.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात निर्मलाचं लग्न ठरलं. स्थळ तापीपलीकडचं, ब्राह्मणपुरीचं. होणारे सासरे चुनीलाल. गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही अशी ख्याती. बोलणी चालली असताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तुमना घरमा बकरं-कोंबडं?" छगननं कानाला हात लावले. "नाव नका काढू," म्हणाला.

आणि श्रावणात निर्मला मुदतीच्या तापानं पडली. एकवीस दिवस पोरीनं डोळे उघडले नाहीत. विसाव्या दिवशी छगन कुणालाही न सांगता शेताच्या बांधावरच्या म्हसोबापुढं गेला आणि बकऱ्याचा नवस बोलून आला. पोरगी उठली. आता नवस तर फेडायला हवा, आणि ब्राह्मणपुरीला तर कळता कामा नये. छगननं दाऊदला गाठलं. दसरा झाल्यावर दोघांनी भरदुपारी, सगळं गाव मळ्यांत असताना, तो नवस उरकला. बकरं छगनचं, सुरी दाऊदची. छगननं दाऊदचे हात धरले. "दाऊद, हाई गोट तुन्ही-मन्हीमा. पोरनं लगीन मोडी जाई."

"जबान देस, भाऊ," दाऊद म्हणाला. झालं. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

त्या बकऱ्याच्या आतड्याची दाऊदनं माझ्यासाठी नवी तात वळली. म्हणजे तो नवस माझ्याच अंगावर चढला होता, मित्रांनो. मला सगळं ठाऊक होतं. पण लाकडाला कोण विचारतो?

त्या वर्षीची हवाच वेगळी होती, ते आधी सांगायला हवं. दूरदूरच्या शहरांत माणसं एकमेकांना कापत होती. कुणी म्हणे देशाचे दोन तुकडे होणार, कुणी म्हणे होऊ देणार नाही. निवडणुकीत मतं पडली होती, त्यावरून तट पडले होते. आमच्या गावात पूर्वी एकच वर्तमानपत्र यायचं आणि चावडीवर सगळे मिळून ऐकायचे. आता दोन यायला लागली. एक चावडीवर वाचलं जाई, दुसरं नाल्यापलीकडे, दाऊदच्या मोहल्ल्यात, मशिदीच्या पायरीवर, आणि दोन्हींत मेलेली माणसं वेगवेगळी असत. आमच्याकडे कुणी कुणाला बोट लावलेलं नव्हतं. तरीही संध्याकाळी बाया नाल्यापलीकडून पोरांना हाका मारून घरी बोलवायला लागल्या होत्या.

बातम्या आणणारा रतिलाल. त्याला दुष्ट समजू नका. मिरचीची गाडी घेऊन तो नंदुरबारला जायचा, स्टेशनात गाड्यांतून उतरणाऱ्या लोकांकडून ऐकायचा आणि ऐकलेलं पोटात मावत नसे म्हणून गावात ओतायचा. घाबरलेला माणूस होता तो. आणि महिन्यापूर्वीच त्याची आई वारली होती. तिच्या नावानं तेरा दिवस दिवा तेवत होता, आमच्याच कापसाच्या वातीचा.

कार्तिक संपत आला होता. मी छगनच्या ओट्यावर होते. निर्मलाच्या लग्नाच्या गादीचा कापूस पिंजायला घेतला होता. नवी तात मोठी आडमुठी असते. हाताला झोंबते, ठोका एकीकडे आणि ती उसळते दुसरीकडे. आठ दिवस दाऊदनं तिच्याशी झटापट केली. नवव्या दिवशी ती वळणावर आली. गोड सूर लागला. दाऊद खूश होऊन ओरडलाच, "देख छगनभाऊ, आठ दिन बैल व्हती, आंगवर ये. आते देख, गाय शे, गाय!"

"मंग दूध काढ तिन्हं!" छगन म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

गाय म्हणजे गरीब. गाय म्हणजे शिंग न उगारणारी. आमच्याकडे सुनेला गाय म्हणतात, शांत पोराला गाय म्हणतात, मऊ पडलेल्या नांगराच्या बैलालासुद्धा गाय म्हणतात! पण त्याच वेळी रतिलाल गल्लीतून चालला होता. त्याला दिसली दाऊदच्या हातातली तात, आणि ऐकू आलं, "गाय शे, गाय!" तो थबकला. ओट्यावर चढून "काय म्हनस रे?" एवढं जरी विचारलं असतं! विचारलं नाही. वर्षभर जे कानांत साठलं होतं, त्यानंच त्याला अर्थ सांगितला. तो तसाच मागं फिरला.

दिवस मावळायच्या आत गाव पेटलं. आग अजून लागली नव्हती, माणसंच पेटली होती. "गायना आतडानी तात! त्यावर पिंजेल कापूस! त्यान्या वाती!" देवघरांतल्या वाती बाहेर आल्या. बायांनी गाद्या फाडल्या, उशा फाडल्या. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी राबले, त्यांच्या उकिरड्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कापूस पसरला होता. त्याच सकाळी विहिरीवर नाल्यापलीकडच्या बायांचे दोर ओढून फेकले गेले. दुपारी त्याला उत्तर म्हणून अलीकडच्या दोघांची गुरं पलीकडच्या कुरणातून हाकलली गेली. मी छगनच्या ओट्यावर कोपऱ्यात, अर्ध्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगापाशी बसून होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि बघायचं तेव्हा थुंकायचं.

तिसऱ्या दिवशी चावडी भरली. मला नेऊन मधोमध ठेवलं, एखाद्या चोरासारखं. एका बाजूला नाल्याअलीकडचे, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. दाऊद माझ्याजवळ उभा. त्याच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ अन्वर, अंगानं दणकट आणि डोक्यानं तापट. समोर रूपचंद पाटील. माणूस न्यायाचा होता, पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढलेला होता.

"दाऊद, तात कसानी शे?"

"बकरानी, पाटील. मन्हा बाप बकरानीच लावे, मी बी बकरानीच लावस."

"रतिलालनी ऐकं ते?"

"आरे, गाय म्हंजे गरीब! नरम पडनी म्हनीसन गाय म्हनं मी. छगनभाऊ तठेच व्हता. त्याले इचारा."

सगळ्या माना छगनकडे वळल्या. काय बोलायचं होतं त्याला? "हो, असंच म्हणाला, आणि मी हसलो." बस, एवढंच. पण मी छगनचा चेहरा बघत होते. मागच्या बाकावर ब्राह्मणपुरीकडच्या पाहुण्यांतला एक जण बसलेला त्यालाही दिसला होता. आज तोंड उघडलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, बकरं कोणाचं? मग नवस निघेल, मग लग्न मोडेल, मग मरता मरता वाचलेली पोर आयुष्यभर घरात बसेल. छगनचे ओठ हलले.

"मन्हं ध्यान नही व्हतं," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी तात तेव्हा शाबूत होती. कुणी नुसतं बोट लावलं असतं तरी मी किंचाळले असते.

पाटलांनी पुन्हा दाऊदलाच विचारलं, "बरं, बकरं म्हनस ते कोनं बकरं? नाव सांग. तो मानूस हा म्हनना की गोट मिटनी."

दाऊदनं छगनकडे पाहिलं. रागानं नाही हो! त्यानं नुसतं पाहिलं, की बाबा रे, आता तूच काय ते सांग. छगननं मान खाली घातली. दाऊद बराच वेळ त्या खाली गेलेल्या पागोट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाव मी सांगाव नही, पाटील. जबान दिधेल शे."

"देखा!" रतिलाल उठलाच. "बकरं ऱ्हातं ते सांगता ना! मन्ही मायना दिवामा..." कंबरेचा विळा काढून तो माझ्यावर धावून आला आणि त्यानं एका झटक्यात माझी तात कापली. "टण्" असा आवाज झाला. तो माझा शेवटचा आवाज.

अन्वर रतिलालच्या अंगावर गेला, दहा जण अन्वरच्या अंगावर गेले, आणि चावडी उधळली. धक्काबुक्कीत दाऊदला त्याच्या माणसांनी ओढून नाल्यापलीकडे नेलं. मी धुळीत पडून राहिले. सगळे गेल्यावर छगन आला, त्यानं मला उचललं, घरी आणलं आणि कुणाला दिसू नये म्हणून या माळ्यावर चढवलं. ज्या कापसातली निर्मलाची गादी भरायची होती, तो पिंजलेला कापूस धनुबाईनं एका पोत्यात कोंबून माझ्याशेजारी ठेवला. नवस मागाहून तिलाही कळला होता, आणि तिनंही तो पोटातच ठेवला.

पुढचे दोन दिवस मी या माळ्याच्या झरोक्यातून पाहिले. आधी कुणाची तरी चाऱ्याची गंजी जळली. मग पलीकडच्या अंगाची एक गंजी. मग दाऊदचं घर. कापसानं भरलेलं घर जळताना भडका होईल असं तुम्हांला वाटेल, पण गच्च भरलेला कापूस आतल्या आत धुमसतो, आवाज न करता. दिवसभर नुसता धूर येत होता. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नाल्यात उतरली. कमरेएवढंही पाणी नव्हतं. ज्या डबक्यात यांचे बाप डुंबले, हे स्वतः डुंबले, यांची पोरं डुंबली, तिथं त्यांनी एकमेकांची डोकी फोडली. नंदुरबारहून पोलीस आले तेव्हा नाल्यात दोघं पडलेले होते. एक अन्वर. दुसरा नथ्थू, रतिलालचा सख्खा धाकटा भाऊ. हे दोघं गेल्याच वर्षी कुस्तीच्या फडात एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचले होते. कोणी कोणाला मारलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या पुस्तकांत मोठमोठ्या यादवी युद्धांचे धडे असतील. राजे, सैन्य, तारखा. आमच्या गावच्या लढाईचा धडा कुणी लिहिणार नाही. पाच दिवसांची तर लढाई. पण ती करायला बाहेरून कुणीच आलं नव्हतं, मित्रांनो. सगळी आपलीच होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी दाऊद बायकोला, बिस्मिल्लाला, आणि आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन बैलगाडीतून निघाला. नाल्यापलीकडची बाकी घरंही पाठोपाठ गेली. गाडी या घरासमोरून जाताना क्षणभर थांबली. मला वाटलं, आता हाक येईल, "छगनभाऊ, मन्ही पिंजण दे." खाली छगन दाराआड उभा होता. कडीवर हात होता त्याचा, पण कडी काही निघाली नाही. गाडी पुढं गेली.

वैशाखात निर्मलाचं लग्न झालं. थाटात झालं म्हणे. गादी नंदुरबारहून विकत आणली, मशीनवर पिंजलेल्या कापसाची. मी माळ्यावरून वाजंत्री ऐकली. त्याच पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं, पोरं झेंडे घेऊन गल्लीतून गेली. मी तेही ऐकलं. आणि मग दिवसच्या दिवस काहीच ऐकलं नाही. उंदीर माझ्या दांड्यावरून पळायचे. कोळ्यानं माझ्या दोन टोकांमध्ये, जिथं तात असायची तिथंच, जाळं विणलं. मी त्याला म्हटलं, ताण बाबा, तुझं तरी काही ताण. फार एकटं वाटायचं हो. ज्याचं अंगच आवाजासाठी घडलेलं, त्यानं गप्प राहणं म्हणजे काय, ते तुम्हांला नाही कळायचं.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीला निर्मला माहेरी आली. कडेवर तान्हा मुलगा. पोचवायला सासरे चुनीलाल स्वतः आले होते, नंदुरबारला त्यांचं मिरचीचं काम होतं. बाळाच्या दुपट्यासाठी कापूस शोधायला म्हणून निर्मला माळ्यावर आली आणि मला पाहून जागच्या जागी थांबली. मग तिनं मला उचललं आणि पोत्यासकट खाली घेऊन आली.

"आबा, दाऊदकाकानी पिंजण आपला घरमा कसी?"

छगन जेवायला बसला होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मंग काका कापसासकट सोडीसन कसा गया?" निर्मलानं पुन्हा विचारलं. आणि मग, इतक्या दिवसांचं दाबलेलं फुटलं. व्याह्यांसमोर, मुलीसमोर, ताटावर बसून छगन ढसाढसा रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तुझ्या तापाचा नवस, म्हसोबाचं बकरं, ती तात, ती चावडी, आणि "मन्हं ध्यान नही व्हतं." शेवटी चुनीलालच्या पायांकडे हात करून म्हणाला, "आते पोरले मांगे धाडनी ते धाडा."

चुनीलाल बराच वेळ गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत बसले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "याही, आमी बी देतस."

"काय?"

"बकरं. दर तीन सालले, शिवारना बाहेर. सोयरासले कळाले नको म्हनीसन सांगतस नही."

धनुबाईनं पदर तोंडाला लावला. ज्या गोष्टीला भिऊन छगन गप्प बसला, ती गोष्ट ब्राह्मणपुरीतही होती! दोन्ही घरं एकमेकांपासून तेच लपवत होती, आणि मधल्या मधे दाऊदचं घर जळलं.

छगन उठला. न आंचवता उठला. त्यानं मला खांद्यावर घेतलं, अगदी दाऊद घ्यायचा तसं, आणि भर गल्लीतून चावडीवर गेला. लोक ओट्यांवर उभे राहून बघायला लागले. तिथं पाटील होते, चार म्हातारे होते, आणि पारावर रतिलाल बसलेला होता. नथ्थू गेल्यापासून तो बाजाराला जात नसे, बातम्या आणत नसे.

"हाई तात मन्हा बकरानी व्हती," छगन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मन्ही पोरना नवसनं बकरं. दाऊदनी मन्हासाठे नाव लिधं नही. तो खरा व्हता. मी खोटा बोलनू."

पाटील म्हणाले, "आते काय उपेग, छगन?"

रतिलाल मात्र पारावरून उतरला. हळूहळू चालत आला. माझ्या दांड्यावर त्याच्याच विळ्याचा वण होता, त्यावर त्यानं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हा छगनला मारणार. पण त्यानं छगनचा सदरा नुसता मुठीत धरला आणि लहान पोरासारखं विचारलं, "तव्हय का नही बोलना रे, छगनभाऊ? मन्हा नथ्थू ऱ्हाता ना आज..."

छगननं सदरा सोडवून घेतला नाही. आणि खरं सांगायचं तर, रतिलालनंही त्या दिवशी ओट्यावर चढून विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छगन मला घेऊन नंदुरबारला गेला. विचारत विचारत पिंजाऱ्यांच्या गल्लीत पोचला. तिथं दाऊदची मावशी, मेहरुन्निसा, दारात बसली होती. तिनं आधी मला ओळखलं, मग छगनला. दाऊद वर्षापूर्वीच गाडीत बसून सुरतेकडे गेला होता. कुठल्या गिरणीत आहे, आहे की नाही, काही पत्ता नव्हता. बिस्मिल्ला जाताना फार रडली, एवढंच तिला ठाऊक.

"मन्हासाठे काही सांगं का त्यानी?" छगननं विचारलं.

म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बोलके गया था," ती म्हणाली. "छगनभाऊ आया तो बोलना, लडकी की फिकर मत कर. मैंने किसीकू नाम नहीं बताया."

छगन मला मांडीवर घेऊन त्या दारातच बसला. गल्लीतले लोक येता-जाता त्याच्याकडे बघत होते.

त्यालाही आता वर्ष झालं. मला परत याच खुंटीला टांगलेलं आहे. पोत्यातला कापूस तसाच आहे. निर्मलानं त्यातला मूठभर तेवढा नेला, देवाच्या वातींसाठी. छगन अधूनमधून माळ्यावर येतो, माझ्यावरची धूळ पुसतो आणि शेजारी बसतो. त्याच्या भुवया आता पांढऱ्या झाल्यात, पण टाळ्या पिटायला कुणी नाही, आणि कापूस झटकला की त्या काळ्याही होणार नाहीत. बाजाराला गेला की तो स्टेशनावर जाऊन सुरतेकडून येणारी गाडी बघतो. खांद्यावर पिंजण नसलेला कुणी उतरला, तरी जवळ जाऊन बघतो.

अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हांला जपा, ऊन-पावसात टाकू नका, असं. मला तसलं काही नको. मला वाळवी लागली तरी चालेल. एकच मागते. कधीतरी तुम्हीही अशाच एखाद्या चावडीत बसलेले असाल. खरं काय ते तुम्हांला ठाऊक असेल, आणि मधोमध उभा असलेला माणूस सगळ्यांमधून नेमकं तुमच्याकडेच बघेल. तेव्हा, मित्रांनो, मान खाली घालू नका.